हजेरीवही

दर गुरुवारी साडेपाचला, सीबीएसजवळ,
हुतात्मा स्मारकाच्या फाटकाबाहेर आम्ही उभे राहतो.
घोषणा नाहीत, घोषणांना परवानगी लागते.
फलकही नाही. तो तिसऱ्या आठवड्यात जप्त झाला,
पावती मागितली, मिळाली नाही.
नुसते उभे असतो तासभर.
पेठची गाडी लागते, सुरगाण्याची सुटते.
कंडक्टर आम्हालाच विचारतो, कुठं जायचंय?

वही माझ्याकडे.
बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कागद मोजले.
कोरे वेगळे, छापलेले वेगळे,
खराब झालेले तर दोनदा मोजूनच नष्ट.
एक ताव कमी भरला की अख्खी पाळी अडकायची,
मग घरी कुणाचं लग्न असो नाहीतर मयत.
तीच खोड.
माणसं जमली की माझी बोटं हलतात.

पहिल्या गुरुवारी त्रेसष्ट.
जयेश गांगुर्डेला उचलून तेव्हा चारच दिवस झाले होते.
पाड्यांवरच्या मतदारयादीतून दोनशे नावं गळाली कशी,
एवढंच त्यानं अर्ज करून विचारलं होतं.
मग एकेचाळीस.
मग परीक्षा आल्या, लग्नसराई आली,
कुणाच्या साहेबाला कुणाचा तरी फोन आला.
सतराव्या गुरुवारी नऊ.

बोरस्ते वकील म्हणाले, अण्णा, आकडे लिहू नका,
उद्या आपलीच वही आपल्याविरुद्ध साक्ष देईल.
मी म्हटलं, खराब तावही मोजावा लागतो.

निरभवणेबाई घडीचं स्टूल घेऊन पंचवटीहून येतात,
दोन रिक्षा बदलून.
त्यांचे आजोबा काळारामाच्या दारापुढं बसलेल्यांतले.
वर्षांमागून वर्षं गेली, दार उघडलं नाही.
एकदा मी विचारलं, तरी जायचे? बंद दाराकडं?
बाई गुडघा चोळत राहिल्या. मग म्हणाल्या,
"बंद आहे हे बघायला तरी कुणी जावं लागतं ना.
नाहीतर पुढची पोरं म्हणतील, तिथं भिंतच होती."

काल बाई आल्या नाहीत.
निफाडला पारा चारवर आलेला,
स्मारकाच्या फरशीवर कुत्रीसुद्धा नव्हती.
यास्मिन कोकणी थर्मास घेऊन, आणि वकील. बस्स.
मी लिहिलं : दोन.
आणि लिहिताना हात असा जड झाला
की वाटलं, खाली दुहेरी रेघ मारावी,
हिशेब संपल्यावर मारतात तशी.

हवालदार खैरनार मोटारसायकलवर बसून
आमच्यावर नजर ठेवतात. त्यांचीही एक डायरी आहे.
"किती धरले?" त्यांनी विचारलं.
दोन.
"माझ्याकडं तीन आहेत."
मला राग आला. बत्तीस वर्षांत माझा एक ताव चुकला नव्हता.
म्हटलं, मोजा परत. ही यास्मिन, हे वकील.
त्यांनी पेन्सिल माझ्या स्वेटरला टेकवली.
"आणि हे कोण?"

मोजणारा मोजणीत धरत नाहीत, हा प्रेसमधला रिवाज.
सव्वीस गुरुवार मी तो इथंही पाळत होतो,
आणि तिकडं वर जाणाऱ्या प्रत्येक अहवालात
आम्ही एकानं जास्त होतो.

निघताना खैरनार म्हणाले, "आज बाई का नाही आल्या?"
हे डायरीसाठी विचारलं की असंच,
मला कळलं नाही. त्यांनाही कळलं असेल असं नाही.

रात्री ट्यूबलाइटखाली बसून सगळी पानं दुरुस्त केली.
त्रेसष्टचे चौसष्ट. नऊचे दहा.
जयेशची तारीख पुन्हा पुढं गेलीय.
बाईंना फोन लावला, ताप आहे म्हणाल्या,
स्टूल मात्र रिक्षावाल्याकडं देऊन ठेवते.

पुढच्या गुरुवारचं पान आखून ठेवलंय.
आकडा आधीच घातलाय, शाईनं : एक.
बाकीचे आले की खोडून वाढवू.